मेंदूच्या पृष्ठाचा पाठ आणि त्याची शुद्धी

१

परळी वैजनाथ येथे वैद्यनाथाच्या मंदिरात रुद्राचे आवर्तन चालू असताना जो थोडा वेळ स्वस्थ उभा राहिला असेल, त्याच्या मनात एक प्रश्न आल्यावाचून राहत नाही. एवढा पाठ, तोही स्वरांसह आणि पोथी न उघडता, ह्या मंडळींच्या ठायी नेमका राहतो कोठे? हा प्रश्न पुष्कळ काळ केवळ कौतुकाचा होता. २०१६ साली ‘न्यूरोइमेज’ ह्या नियतकालिकात जेम्स हार्टझेल व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधाने त्यास मोजमापाचे रूप दिले. यजुर्वेदाचे पारंपरिक अध्ययन पूर्ण केलेले २१ पंडित आणि त्यांच्याशी वयादी बाबतींत जुळणाऱ्या २१ अन्य व्यक्ती यांच्या मेंदूंच्या चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा, म्हणजे व्यवहारात ज्यांस आपण एम.आर.आय. म्हणतो त्या, भारतातील नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर येथे घेण्यात आल्या. दोन्ही बाजूंचे शंखखंड, म्हणजे कानाच्या आतल्या अंगास असलेले मेंदूचे भाग, आणि स्मृतीशी संबंधित इतर काही भाग यांत पंडितांच्या ठायी करड्या द्रव्याची घनता व बाह्यकाची जाडी अधिक आढळली, असा त्या निबंधाचा निष्कर्ष आहे.

हा निष्कर्ष आपल्याकडे फार लवकर लोकप्रिय झाला. पाठांतराने मेंदू जाड होतो, अशा सुटसुटीत वाक्यात त्याचे रूपांतर होऊन ते वाक्य भाषणांत आणि वर्तमानपत्रांतच नव्हे, तर भाषाविज्ञानाच्या वर्गातही ऐकू येऊ लागले. मूळ निबंधकारांवर ह्या सुलभीकरणाचा दोष ठेवता येणार नाही. परंतु आपण ज्या ‘जाडी’चा एवढा निःशंकपणे उच्चार करतो, ती मोजली कशावरून जाते, हे विचारण्याचे कर्तव्य मात्र आपले आहे. प्रस्तुत लेखक भाषाविज्ञानाचा अभ्यासक आहे, वैद्यकाचा नव्हे. तथापि भाषा आणि मेंदू यांच्या संबंधाविषयी जे संशोधन आपण पुरावा म्हणून स्वीकारतो, त्या पुराव्याची घडण तपासणे हे आपल्याही शास्त्राचे काम आहे. ती तपासू लागल्यावर असे दिसते की, मेंदूची जाडी प्रतिमेवरून सरळ वाचली जात नाही. संगणकाने प्रतिमेतून रचलेल्या दोन पृष्ठांमधील ते अंतर असते. आणि ती पृष्ठे चुकतात, चुकली म्हणजे माणसाच्या हाताने दुरुस्त केली जातात. ही दुरुस्ती म्हणजे एक प्रकारची पाठशुद्धी होय आणि पाठशुद्धीचे नियम तिला लागू व्हावयास पाहिजेत, एवढेच ह्या लेखाचे प्रतिपादन आहे.

२

ह्या कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणालींत ‘फ्रीसर्फर’ ही प्रमुख होय. बोस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस केंद्रात ती विकसित झाली आणि तिची मूळ पद्धती अँडर्स डेल, ब्रूस फिशल व मार्टिन सेरेनो यांनी १९९९ साली दोन निबंधांत मांडली. पृष्ठाचा एवढा खटाटोप का करावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मेंदूच्या घडणीतच आहे. बाह्यकाचा बराच मोठा भाग खाचांच्या आत दडलेला असतो. घडी घातलेल्या लुगड्यात दोन काठ एकमेकांस चिकटलेले दिसतात, पण लुगडे उलगडले म्हणजे ते हातभर दूर असतात. तद्वत् खाचेच्या दोन बाजूंचे बिंदू प्रतिमेत शेजारी दिसले, तरी बाह्यकाच्या पत्र्यावरून त्यांच्यातील अंतर पुष्कळ असते. घडी न उलगडता केलेले मोजमाप म्हणूनच फसवे ठरण्याचा संभव असतो.

प्रतिमा ही घनाकृती कणांची बनलेली असते. ह्या कणास व्हॉक्सेल असे नाव आहे. फ्रीसर्फर प्रतिमेस सामान्यतः प्रत्येक दिशेस २५६ कण, प्रत्येक कण १ मिलिमीटरचा, अशा चौकटीत बसविते. म्हणजे एकंदर सुमारे १ कोटी ६८ लाख कण झाले. प्रत्येक कणास उजळपणाचा एक अंक असतो. प्रथम प्रतिमेचा उजळपणा सर्वत्र सारखा करून श्वेत द्रव्याचा अंक ११० च्या आसपास आणला जातो. नंतर कवटी आणि इतर आवरणे वगळली जातात. उरलेल्या भागातून श्वेत द्रव्य वेगळे काढून त्यावर लहान लहान त्रिकोणांचे जाळे पसरविले जाते. प्रत्येक गोलार्धाच्या जाळ्यात लाखाहून अधिक शिरोबिंदू असतात. श्वेत आणि करडे द्रव्य यांच्या सीमेवर हे जाळे नेऊन बसविले की आतले पृष्ठ मिळते. तेच जाळे पुढे बाहेरच्या दिशेने, करडे द्रव्य संपून मेंदूभोवतीचा द्रव सुरू होतो तेथवर, ढकलले की बाहेरचे पृष्ठ मिळते. ह्या दोन पृष्ठांतील अंतर ती जाडी. माणसाच्या मेंदूत ती स्थळपरत्वे सुमारे १ ते ४.५ मिलिमीटर आणि सरासरी २.५ मिलिमीटर इतकी असते.

येथे एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. कण १ मिलिमीटरचा आहे आणि ज्या फरकांवर निष्कर्ष उभारले जातात, ते बहुधा मिलिमीटरच्या दशांशांचे असतात. हे अशक्य आहे असे नव्हे. शेजारच्या कणांच्या उजळपणातील चढउतारावरून सीमा कणाच्याही आत कोठे असावी, याचा अंदाज करता येतो आणि ह्या पद्धतीचे सामर्थ्य त्यातच आहे. परंतु तो अंदाज आहे. जेथे उजळपणाचा पुरावा दुबळा, तेथे अंदाजही दुबळा, हे विसरून चालणार नाही.

३

पृष्ठातील चुका मुख्यतः चार प्रकारच्या असतात. त्यांचा विचार क्रमाने करू.

पहिली चूक कवटी वगळण्याच्या वेळची. मेंदूभोवतीचे जाड आवरण, ज्यास दृढतानिका म्हणतात, ते काही ठिकाणी बाह्यकास इतके लगटून असते आणि प्रतिमेत त्याच्याशी इतके सारखे दिसते की, प्रणाली ते वगळीत नाही. मग बाहेरचे पृष्ठ मेंदूची सीमा ओलांडून त्या आवरणात शिरते आणि जाडी वाढलेली दिसते. उपाय असा की, मेंदूच्या चौकटीच्या प्रतीतून ते कण हाताने पुसावयाचे आणि बाहेरचे पृष्ठ पुन्हा रचून घ्यावयाचे. याच्या उलट, कवटीबरोबर मेंदूचाही तुकडा वगळला गेला असेल, तर तो परत आणावा लागतो.

दुसरी चूक उजळपणाची. यंत्रातील विषमतेमुळे काही भागांत श्वेत द्रव्यही काळवंडलेले दिसते आणि प्रणाली त्यास श्वेत द्रव्य म्हणून ओळखीत नाही. शंखखंडाचे पुढचे टोक आणि डोळ्यांच्या खोबणीवरचा भाग येथे हे वारंवार घडते. अशा ठिकाणी नियंत्रणबिंदू ठेवावयाचे असतात. ‘हे निश्चित श्वेत द्रव्य आहे, याचा अंक ११० धर’ अशी ती प्रणालीस दिलेली सूचना असते. नियम असा की, बिंदू श्वेत द्रव्याच्या निःसंशय भागात ठेवावा, सीमेवर कधीही ठेवू नये. भाषाभ्यासकाने येथे विशेष सावध असावे, कारण शंखखंडाच्या ह्याच पुढच्या टोकाचा संबंध शब्दार्थाच्या ज्ञानाशी लावला जातो. जेथे आपली जिज्ञासा अधिक, तेथेच पृष्ठ अधिक चुकते, असा हा योग आहे.

तिसरी चूक वृद्धांच्या किंवा रुग्णांच्या मेंदूत विशेष दिसते. श्वेत द्रव्यातच काही ठिकाणी काळसर डाग असतात. प्रणाली त्यांस करडे द्रव्य समजून पृष्ठ आत ओढते. ते कण भरून काढावे लागतात. चौथी चूक पृष्ठाच्या अखंडत्वाची असून तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.

ह्या सर्व दुरुस्त्यांत एक समान सूत्र आहे. प्रचलित रीतीत पृष्ठाची रेषा कोणी हाताने ओढीत नाही. ज्यावरून रेषा निघते ती कणांची प्रत दुरुस्त करावयाची आणि रेषा पुन्हा प्रणालीकडूनच काढवून घ्यावयाची. शिवाय मूळ प्रतिमेस हात लागत नाही. दुरुस्ती होते ती मधल्या प्रतींत. संहिता-संपादनाशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस ही शिस्त ओळखीची वाटेल. हस्तलिखितावर खाडाखोड करणारा तो संपादक नव्हे. हस्तलिखित जसेच्या तसे ठेवून, त्याच्या नकलेवर काम करून, निवडलेल्या पाठाचा हिशेब देतो तो संपादक.

४

आता अखंडत्वाचा प्रश्न. दोन्ही गोलार्धांना जोडणारा भाग मधून कापून बंद केला, तर प्रत्येक गोलार्धाचे बाह्यक हे एका फुगविता येणाऱ्या चेंडूच्या पृष्ठासारखे असते, असे ही पद्धती गृहीत धरते. चेंडूच्या पृष्ठावर त्रिकोणांचे कोणतेही जाळे घाला. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून त्यात त्रिकोणांची संख्या मिळविली की उत्तर नेहमी २ येते. यास ऑयलरचा अंक म्हणतात. ज्या पृष्ठास कपाच्या कानासारखा एक कान असेल, त्याचा हा अंक ० होतो आणि पुढे प्रत्येक कानागणिक तो आणखी २ ने उतरतो. प्रथम रचलेल्या जाळ्याचा अंक २ च्या किती खाली गेला, यावरून त्यात किती कान वा छिद्रे शिल्लक आहेत हे कळते. ह्याच अंकाचा उपयोग प्रतिमेची गुणवत्ता अजमावण्यासाठी करता येतो, असे २०१८ साली रोझेन व सहकाऱ्यांनी दाखविले. दुरुस्तीपूर्वीचा अंक जितका खाली, तितकी प्रतिमा सदोष असण्याचा संभव अधिक.

हा अंक दोष किती हे सांगतो; दोष कोणता हे सांगत नाही. दोन शेजारच्या वळ्यांमध्ये प्रतिमेच्या सदोषपणामुळे श्वेत द्रव्याचा एक खोटा पूल निर्माण झाला, तरी एक कान होतो. आणि एका खऱ्या वळीच्या आरपार खोटे छिद्र पडले, तरीही एक कानच होतो. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच. उपाय मात्र परस्परविरुद्ध आहेत. पहिल्या ठिकाणी कापावयाचे, दुसऱ्या ठिकाणी भरावयाचे. प्रणाली दोन्ही पर्याय तपासून उजळपणाच्या पुराव्याशी अधिक जुळेल तो निवडते. आणि ती चुकली, तर माणसाने निर्णय करावा लागतो.

कापावे की जोडावे, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवा नाही. ऋग्वेदाच्या संहितेचा पदपाठ शाकल्याने केला. सलग उच्चारलेल्या पाठात एक पद कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे ठरविण्याचे ते काम होते. त्यात एके ठिकाणी ‘वायः’ ह्याचे ‘वा’ आणि ‘यः’ असे दोन तुकडे शाकल्याने केले. निरुक्तात यास्काने हा छेद अमान्य केला. त्याच्या मते तो एकच शब्द असून त्याचा अर्थ पक्ष्याचे पिलू असा आहे. यास्काचे कारण मननीय आहे. तेथे ‘यः’ हे पद असते, तर त्या वाक्यातील क्रियापद उदात्त झाले असते, आणि अर्थही अपुरा राहिला असता. म्हणजे छेदाच्या जागेकडे कितीही टक लावून पाहिले तरी निर्णय होत नव्हता. निर्णय झाला तो दूरवरच्या स्वरावरून आणि संपूर्ण वाक्याच्या अर्थावरून. मेंदूच्या पृष्ठावरील पूल खरा की खोटा, हेही त्या एका चकतीत कळत नाही. प्रतिमेच्या पुढच्या-मागच्या चकत्या आणि तिन्ही दिशांची दृश्ये पाहून, ती वळी पुढे कोठे जाते हे शोधूनच ते ठरवावे लागते. एकाच चकतीवर निर्णय देणारा दुरुस्तीकार यास्काच्या कसोटीस उतरत नाही.

ह्या उदाहरणातील आणखी एक गोष्ट आपल्या कामाची आहे. शाकल्याचा छेद चुकीचा असेल. पण तो नोंदलेला होता. नोंदलेला होता म्हणूनच यास्कास त्याचे नाव घेऊन खंडन करता आले, आणि आपल्यालाही आज दोघांत निवड करता येते.

५

दुरुस्तीकाराचा डोळा निर्मळ असतो काय, हा यापुढचा प्रश्न. आमच्या भागातील बोलीचे ध्वनिमुद्रण करून त्याचे लेखन विद्यार्थ्यांकडून करवून घेताना येणारा अनुभव येथे उपयोगी पडेल. बोलणारा ‘काय करायलास?’ असे स्पष्ट म्हणतो आणि लिहिणारा, स्वतः मराठवाड्यातला असूनही, ‘काय करतो आहेस?’ असे लिहून मोकळा होतो. त्याने खोटे लिहिले असे नव्हे. शाळेने त्याच्या कानावर प्रमाणभाषेचा जो संस्कार केला, त्याने ऐकण्याच्या आधीच दुरुस्ती केली. ज्या रूपाचा अभ्यास करावयाचा, तेच रूप अशा रीतीने नोंदीतून नाहीसे होते. आणि नोंद मात्र पहिल्यापेक्षा नीटनेटकी दिसते.

मेंदूच्या पृष्ठाविषयी हाच धोका आहे. फ्रीसर्फरमध्ये बाह्यकाचे विभाग पाडणारा जो एक नकाशा रूढ आहे, तो २००६ साली ४० व्यक्तींच्या प्रतिमांवरून तयार झाला आणि त्यात प्रत्येक गोलार्धाचे ३४ विभाग आहेत. पृष्ठाची रेषा प्रामुख्याने उजळपणावरून निघते, नकाशावरून नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण दुरुस्ती करणाऱ्याचा डोळा पाठ्यपुस्तकांतील आणि नकाशांतील मेंदू पाहून तयार झालेला असतो. माणसामाणसांच्या वळ्या आणि खाचा सारख्या नसतात. एखादी खाच मध्येच तुटते, एखादी दुहेरी असते. हैदराबाद येथील आय.आय.आय.टी.च्या संशोधकांनी १०० भारतीय व्यक्तींच्या प्रतिमांवरून केलेला नकाशा २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीय मेंदूची सरासरी लांबी, रुंदी आणि उंची पाश्चात्त्य नकाशांतील मापांहून कमी आढळली. प्रमाणरूप कोणाचे आणि कोणत्या नमुन्यावरून ठरले, हा भाषाविज्ञानातला जुना प्रश्न येथेही आहेच.

प्रस्तुत लेखकाने अभ्यासासाठी म्हणून अशा दुरुस्तीचा थोडा सराव केला, तेव्हाची एक चूक नमूद करतो. शंखखंडाच्या टोकाशी रेषा आखूड पडत होती. नियंत्रणबिंदू ठेवून पृष्ठ पुन्हा रचून घेतले, तेव्हा रेषा पुढे सरकली आणि टोक पुस्तकातल्या चित्रासारखे गोलसर झाले. मनास समाधान वाटले. काही दिवसांनी तीच प्रतिमा तिन्ही दिशांनी पाहिली, तेव्हा ध्यानात आले की एक बिंदू निःसंशय श्वेत द्रव्यात नव्हता. तो सीमेवर होता. रेषा सुंदर झाली होती, पण पुराव्याने नव्हे, लेखकाच्या अपेक्षेने. संहिता-संपादनात कठीण पाठास प्राधान्य द्यावे असा एक संकेत आहे, कारण लेखनिक अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. दुरुस्तीकारानेही स्वतःस हाच प्रश्न विचारावा: ही रेषा मी पुराव्यासाठी हलवीत आहे, की ती मला ओबडधोबड वाटते म्हणून?

६

एवढ्या धोक्याची दुरुस्ती मुळीच करू नये, असा आक्षेप कोणी घेईल. तो आक्षेप पोकळ नाही. बेलेन व सहकारी यांनी २०२० साली ५ ते ६ वर्षे वयाच्या, वाचनदोष असलेल्या व नसलेल्या मुलांच्या प्रतिमांवर नेमका हाच प्रयोग केला. वाचनाशी संबंधित सहा भागांची जाडी आणि क्षेत्रफळ त्यांनी हाताने दुरुस्ती करून आणि न करता, असे दोन्ही प्रकारे मोजले. दुरुस्तीमुळे मापे बदलली. पण तो बदल बहुतेक सर्व मुलांत सारखाच होता, आणि दोन गटांतील फरक ओळखण्याच्या सामर्थ्यात दुरुस्तीने भर पडली नाही. मात्र जे निष्कर्ष सांख्यिकीय दृष्ट्या काठावर होते, ते निवडलेल्या पद्धतीनुसार बदलू शकत होते.

यावरून दुरुस्ती निरुपयोगी आहे, असे अनुमान काढणे घाईचे होईल. एक तर काठावरचे निष्कर्ष हेच पुष्कळदा नव्या संशोधनाचे निष्कर्ष असतात. दुसरे असे की, दुरुस्ती न करणे हाही निर्णयच आहे आणि यंत्रही तटस्थ नाही. ग्रोनेनशिल्ड व सहकारी यांनी २०१२ साली त्याच प्रतिमा फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून आणि वेगवेगळ्या संगणकांतून काढून पाहिल्या. केवळ आवृत्ती बदलल्याने आकारमानात सरासरी ८.८ टक्के आणि जाडीत सरासरी २.८ टक्के फरक पडला. सरासरी जाडी २.५ मिलिमीटर धरली, तर २.८ टक्के म्हणजे ०.०७ मिलिमीटर झाले. मेंदू तोच, प्रतिमा तीच, माणसाचा हात कोठेही लागलेला नाही, आणि तरीही माप हलले. अलीकडे ‘फास्टसर्फर’सारख्या, शिकविलेल्या न्यूरल जाळ्यांवर चालणाऱ्या प्रणाली आल्या आहेत आणि त्यांचा वेग पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक आहे. त्या शिकल्या त्याही कोणाच्या तरी नमुन्यांवरून आणि कोणाच्या तरी खुणांवरून. लेखनिक बदलला म्हणून पाठचिकित्सेची गरज संपत नाही. नव्या लेखनिकाच्या सवयी नव्याने ओळखाव्या लागतात, इतकेच.

७

आता पुन्हा पंडितांच्या मेंदूकडे वळू. १९९९ नंतर रूढ झालेल्या ह्या विद्येत एक गोष्ट २०१५ साली रॉयटर व सहकारी यांनी दाखवून दिली. प्रतिमा घेताना माणसाचे डोके थोडे हलले, तरी करड्या द्रव्याचे आकारमान आणि बाह्यकाची जाडी प्रत्यक्षापेक्षा कमी मोजली जाते. ह्यावरून एक शंका सुचते. ज्याने बालपणापासून दहा वर्षे तासन् तास एका आसनावर बसून संथा घेतली, तो यंत्राच्या नळीतही अधिक निश्चल पडून राहील, असे मानणे अयोग्य होणार नाही. मग त्याची जाडी अधिक भरली, तर त्यातील किती भाग पाठांतराचा आणि किती भाग निश्चलतेचा? २०१६ च्या निबंधात हा दोष राहिला आहे, असे माझे म्हणणे नाही. त्यातील फरक विशिष्ट भागांत आढळले आहेत आणि करड्या द्रव्याची घनता हे जाडीहून वेगळे मापही तेथे दिलेले आहे. माझे म्हणणे एवढेच की, ‘पाठांतराने मेंदू जाड होतो’ असे वाक्य फळ्यावर लिहिण्यापूर्वी ही शंका आपल्या मनात यावयास पाहिजे होती. ती आली नाही, कारण प्रतिमा पाहिली म्हणजे मेंदूच पाहिला, असे आपण समजून चाललो. शिवाय हा अभ्यास एका वेळच्या तुलनेचा आहे; पाठांतराने मेंदू घडला की तशा मेंदूची मुले पाठशाळेत टिकली, हे केवळ त्यावरून ठरत नाही.

पृष्ठांच्या दुरुस्तीविषयी निबंधांतून पुष्कळदा एवढीच माहिती असते की, पृष्ठे डोळ्यांनी तपासून आवश्यक तेथे दुरुस्त केली. ह्या एका वाक्यात काय काय लपले आहे, हे वरील विवेचनावरून दिसून येईल. दुरुस्ती कोणी केली? कोणता मेंदू कोणत्या गटातला आहे, हे त्यास ठाऊक होते काय? दोन्ही गटांत सारखीच दुरुस्ती झाली, की ज्या गटाविषयी अपेक्षा होती त्यात अधिक झाली? तीच प्रतिमा दुसऱ्याने दुरुस्त केली असती, तर पृष्ठ तेच आले असते काय?

आपल्या संहिता-संपादनाच्या इतिहासात दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ते काम अधिकारी पुरुषाचे आणि निर्मळ हेतूचे होते, याविषयी दुमत नाही. पण त्यांनी कोठे काय बदलले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. त्यामुळे एकनाथपूर्व पाठ कोणता, हा प्रश्न सव्वातीनशे वर्षांनंतरही शिल्लक राहिला आणि राजवाड्यांची १९०९ ची आवृत्ती, तीवरील वादांसह, त्यातूनच निघाली. दुसरे उदाहरण पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताचे. १९१९ साली आरंभिलेले आणि १९६६ साली पूर्ण झालेले ते काम विष्णु सीताराम सुखटणकरांनी घालून दिलेल्या पद्धतीने चालले. जेथे पाठ पूर्ण निश्चित नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. आणि नाकारलेले पाठ पानाच्या तळाशी. संपादकाचा निर्णय मान्य नसणाऱ्या वाचकास आपला निर्णय करण्याची सामग्री त्याच पानावर मिळते.

आश्चर्याची गोष्ट अशी की, फ्रीसर्फरमध्ये अशा नागमोडी रेघेची सोय मुळातच आहे. श्वेत द्रव्याच्या प्रतीत हाताने भरलेल्या कणास २५५ आणि हाताने पुसलेल्या कणास १ असा अंक दिला जातो. नियंत्रणबिंदू वेगळ्या फाइलमध्ये साठविले जातात. म्हणजे कोणत्या कणास माणसाचा हात लागला, हे केव्हाही शोधून काढता येते. उणीव प्रणालीत नाही. ती निबंध प्रसिद्ध करण्याच्या रीतीत आहे. तळटीपा तयार असून छापावयाच्या तेवढ्या राहून जातात.

यास्तव अशा संशोधनाकडून आपण पुढील किमान गोष्टींची अपेक्षा करावी. दुरुस्तीकारास गट ठाऊक नसावा. प्रत्येक गटात किती प्रतिमांत आणि कोणत्या भागांत दुरुस्ती झाली, हे सांगितलेले असावे. काही प्रतिमा दोघांनी स्वतंत्रपणे दुरुस्त करून त्यांतील फरक दिलेला असावा. दुरुस्तीसह आणि दुरुस्तीविना, असे दोन्ही निष्कर्ष शेजारी मांडावेत. प्रणालीची आवृत्ती आणि संगणक यांचा उल्लेख असावा, आणि एकाच अभ्यासात ते मध्येच बदलू नयेत. उद्या मराठी वाचावयास शिकणाऱ्या मुलांचा असा अभ्यास कोणी हाती घेतला आणि त्यावरून एखाद्या मुलाच्या वाचनाविषयी काही म्हटले गेले, तर ते मूल ज्या रेषेवरून मोजले गेले, ती रेषा कोणी आणि का हलविली, हे त्याच्या शिक्षकास विचारता आले पाहिजे.

वेदपाठाच्या परंपरेने क्रम, जटा आणि घन हे पाठ निर्माण केले ते याच सावधगिरीने. पहिले पद दुसऱ्याशी, दुसरे पहिल्याशी, पुन्हा पहिले दुसऱ्याशी, असे उलटसुलट म्हणत गेल्याने एका ठिकाणची चूक दुसऱ्या ठिकाणी उघडी पडते. आपल्या स्मृतीवर त्या मंडळींचा विश्वास होता. पण तपासणी वगळावी, इतका तो आंधळा नव्हता. त्यांच्याच मेंदूंची मापे घेताना आपण निदान तितकी तरी शिस्त पाळावी.